दुकानामागची खोली

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांच्या गल्लीत शिरलं की आपण कुठे आलो ते आधी कानांना कळतं. प्रेसचा दणका, त्यामागून बफच्या मोटरीची घरघर. स्टीलच्या पत्र्यातून गोल चकत्या कापून थप्पी लावलेली असते. गाळ्यात त्यांना ‘सर्कल’ म्हणतात. सर्कलला तेल चोपडायचं, डायवर ठेवायचं, वरून दाब आला की सपाट चकतीला खोली येते. भांडं खोल हवं असेल तर पुन्हा एकदा दाब. मग काठ छाटायचा, वळवायचा आणि शेवटी पॉलिश. पॉलिशवाल्याने तोंडाला फडकं गुंडाळलेलं असतं, भुवयांवर काळी पूड साचलेली असते, आणि त्याच्या हातातलं पातेलं आरशासारखं लखलखत असतं.

ही भांडी देशभर जातात हे आपल्याला ठाऊक असतं. मुंबईच्या आसपास घडणारी स्टीलची भांडी न्हावाशेव्याहून आफ्रिकेच्या बंदरांकडेही निघतात. मोम्बासाला किंवा दारेसलामला उतरलं की पातेल्याचं नाव बदलतं. तिथे बुडाला सपाट, कडेला उभ्या आणि दांडा नसलेल्या भांड्याला ‘सुफुरिया’ म्हणतात. पण ते भांडं ज्या ठिकाणी विकत मिळतं त्याचं नाव फारसं बदलत नाही. स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात.

शब्द कधी एकटे प्रवास करत नाहीत, माणसांबरोबर जातात. स्वाहिलीत पैशाला ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’, गाडीला ‘गारी’, गोणीला ‘गुनिया’, विम्याला ‘बिमा’ आणि हुंडीला ‘हुंडी’च म्हणतात. ही यादी नीट पाहिली तर तीत राजाचा, सैन्याचा किंवा धर्माचा शब्द नाही. सगळे शब्द गल्ल्यावरचे. कोण माणसं तिकडे गेली आणि काय करत राहिली, ते या शब्दांतूनच कळतं.

मिरा-भाईंदरमध्ये बसून हे लिहिताना मला खाडी आठवल्याशिवाय राहत नाही. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं समुद्राला मिळणं. तिच्या काठी घोडबंदर आहे, पलीकडे वसई, आणि वसईच्या मागे नालासोपाऱ्याजवळ जुनं शूर्पारक. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही समुद्रप्रवासाची माहितीवजा पोथी लिहिली, तीत ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ अशी सोपारा आणि कल्याणची नावं आहेत. त्याच पोथीत असंही नोंदवलं आहे की ‘अरिआके’ आणि भडोच इथून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसाची साखर आफ्रिकेच्या शिंगाकडच्या बंदरांना जाते. अरिआके म्हणजे गुजरातपासून उत्तर कोकणापर्यंतची किनारपट्टी असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या दाराशी असलेल्या या पाण्यावरून आफ्रिकेशी चाललेला व्यवहार दोन हजार वर्षांचा आहे. वाऱ्याचं गणित सोपं होतं: हिवाळ्यात ईशान्येचा वारा पकडून जायचं आणि पावसाळी वारे सुरू झाले की परतायचं. ईशान्येच्या वाऱ्याला स्वाहिलीत ‘कास्काझी’ म्हणतात, परतीच्या वाऱ्याला ‘कुसी’.

पण वाऱ्याबरोबर जाणं-येणं वेगळं आणि तिथे राहणं वेगळं. राहायला सुरुवात झाली ती खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात, झांझिबारला. ओमानच्या सुलतानाने तिथे बस्तान बसवलं आणि त्याच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे गेला. पुढे तारिया तोपण या खोजा व्यापाऱ्याचं नाव झालं. त्याने बांधलेली दवाखान्याची नक्षीदार इमारत झांझिबारच्या बंदरासमोर आजही उभी आहे. हे मोठे लोक. मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या चोपडीत ज्यांची नावं खाली-खाली लिहिलेली असत ती माणसं जास्त महत्त्वाची वाटतात.

कारण आज ‘परदेशी गुंतवणूकदार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सूटबूट, बँकेचं पत्र आणि करोडोंचा आकडा येतो. आफ्रिकेच्या आतल्या गावांत ज्यांनी बाजार उभा केला त्यांच्यापैकी बहुतेकांकडे आणायला पैसा नव्हताच. जामनगरच्या आसपासच्या बावन्न गावांतले हालारी ओसवाल हे शेतकरी होते. संवत १९५६चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९००चा छप्पनियो दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्यातली पोरं गलबतावर चढली. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, एक ट्रंक, ओळखीच्या कुणाचा तरी पत्ता. भांडवल म्हणाल तर एवढंच.

मग दुकान कसं उभं राहिलं? उधारीवर. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

मुंबईतली पेढी झांझिबारच्या किंवा मोम्बासाच्या घाऊक व्यापाऱ्याला माल द्यायची तो हुंडीवर, मुदतीवर. घाऊक व्यापारी तोच माल रेल्वे स्टेशनाजवळच्या दुकानदाराला उधार द्यायचा. स्टेशनावरचा दुकानदार आपल्याकडे दोन-तीन वर्षं राबलेल्या भाच्याला किंवा गाववाल्याला चार गाठोडी देऊन आणखी तीस-चाळीस मैल आत पाठवायचा: ‘विकलं की दे.’ आणि तो शेवटचा पोरगा, ज्याच्या मागे आता रस्ताही नसे, तो मातीच्या भिंती आणि वर पत्रे घालून दुकान मांडायचा. फळीवर मीठ, काडेपेट्या, घासलेट, साखर, सुया, मणी, घोंगडी, कुदळीची पाती. आणि कापड. सगळ्यात जास्त खपायचं ते कोरं जाडंभरडं कापड. त्याला तिथे ‘मेरिकानी’ म्हणत, कारण आधी ते अमेरिकेतल्या सेलम बंदरातून यायचं. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं, तो पुरवठा आटला, आणि पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी ती जागा घेतली. नाव मात्र मेरिकानीच राहिलं. परळ-लालबागच्या मागावर विणलेलं कापड आफ्रिकेत अमेरिकेच्या नावाने खपत होतं.

दुकानदार विकायचा तसाच घ्यायचाही. आसपासच्या शेतकऱ्याकडून मका, तीळ, भुईमूग, कातडी, मेण, मिरची, पुढे कापूस. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा भाग जास्त मोलाचा होता. चाळीस मैल चालत न जाता पोतंभर तीळ विकता येणं आणि त्याच फळीवरून मीठ, कापड घेऊन घरी जाणं, यामुळे जास्तीचं पीक काढण्यात अर्थ आला. तोवर घरापुरतं पिकवणाऱ्याला ‘घरापुरतं’ पलीकडे जायचं कारणच नव्हतं. विकण्याची आणि घेण्याची जागा एकच असणं ही या छोट्या दुकानाची खरी ताकद. मोठ्या इंग्रज कंपन्यांना असली गावं परवडत नव्हती, कारण त्यांच्या गोऱ्या मॅनेजरला बंगला लागायचा. दुकानदाराला फळीमागची खोली पुरत असे.

ती खोली डोळ्यांपुढे आणा. दहा बाय दहा, एका कोपऱ्यात चूल किंवा स्टोव्ह, दोरीवर कपडे, देवाची तसबीर नाहीतर कुराणाची प्रत, आणि पुढच्या दुकानात उघडणारं एक दार, ज्याला कवाड नसलं तर पोत्याचा पडदा. पहाटे गिऱ्हाईकाने हाक मारली की तिथूनच उठून फळी उघडायची. बायको आली ती याच खोलीत, मुलं जन्मली ती इथेच. पगारी नोकराने चालवलेली शाखा आणि मालक राहतो ते दुकान यांत फरक पडतो तो या खोलीमुळे. पाऊस चुकला तर शाखा बंद होते. दुकानदाराला मात्र गावाबरोबर पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते, कारण त्याची उधारी त्याच गावात अडकलेली असते.

या साखळीचा सगळ्यात मोठा कारागीर अल्लीदिना विश्राम. कच्छमधल्या केरा गावचा, जन्म १८५१चा, बारा-तेराव्या वर्षी झांझिबारला आलेला. झांझिबारसमोरच्या किनाऱ्यावरच्या बागामोयो गावात तो तांड्यांना माल पुरवायला शिकला. १८९६ साली इंग्रजांनी मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे बांधायला घेतली, ती १९०१ साली किसुमूला पोहोचली. या कामावर हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेले, त्यांतले जवळपास अडीच हजार तिथेच मेले आणि साडेसहा हजारांहून थोडे जास्त मागे राहिले. पुष्कळांची समजूत असते की आफ्रिकेतले भारतीय दुकानदार म्हणजे या रेल्वे मजुरांची मुलं. बहुतेक तसे नव्हते. ते स्वतःच्या तिकिटावर, मागाहून, रुळांच्या कडेकडेने आले. अल्लीदिनाने रुळांबरोबर दुकानं पुढे नेली आणि रूळ संपले तिथून युगांडात नेली. त्याची दोनशेहून अधिक दुकानं होती असं सांगतात. १९१६ साली तो वारला आणि त्याचा व्यापार फार काळ टिकला नाही, पण त्याच्या उधारीवर सुरू झालेली दुकानं टिकली. त्या काळात केनियाचं अधिकृत चलनसुद्धा आपला रुपया होता. १९२० सालापर्यंत नैरोबीत रुपये चालत.

एक वस्तू हातात घेऊन पाहू. तिचं नाव कांगा. साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, जोडीने विकलं जाणारं छापील सुती कापड. चहूबाजूंनी रुंद काठ, त्याला ‘पिंडो’ म्हणतात. मधलं अंग ‘म्जी’, म्हणजे गाव. आणि खालच्या काठाजवळ एका चौकटीत एक ओळ छापलेली, म्हणीसारखी, टोमण्यासारखी किंवा आशीर्वादासारखी. सासूला ऐकवायचं ते सून बोलत नाही, तशी ओळ असलेला कांगा कमरेला गुंडाळून अंगणात फिरते. कांग्यावर ओळी छापायची ही पद्धत मोम्बासाच्या कादरदीना हाजी इसाक यांच्या दुकानातून रुजली असं मानतात. हे दुकान १८८७ सालचं. त्यांच्या जुन्या कांग्यांवर ‘माली या अब्दुल्ला’, म्हणजे ‘अब्दुल्लाचा माल’, अशी अक्षरं असत. कच्छी दुकानदार, त्याच्या फळीपुढे उभ्या असलेल्या स्वाहिली बायका, आणि दोघांच्या बोलण्यातून घडलेलं कापड. भारतीय दुकानदाराने आफ्रिकेला नेमकं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी पैशांचा आकडा सांगणार नाही, कांग्याची जोडी पुढे ठेवीन. गिऱ्हाईकाच्या जिभेवर काय आहे ते ओळखायला त्या गावात राहावं लागतं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी आपल्याकडे सांगताना नेहमी घाईने उरकली जाते.

झांझिबारच्या चोपड्यांत सगळाच व्यवहार तीळ-कापडाचा नव्हता. हस्तिदंत आणायला आत जाणाऱ्या तांड्यांना पैसा पुरवणारे सावकार भारतीय होते, आणि ते तांडे माणसंही पकडून आणत. १८६०च्या सुमारास झांझिबारच्या इंग्रज कॉन्सुल रिग्बीने भारतीय व्यापाऱ्यांच्या ताब्यातले हजारो गुलाम मोकळे करायला लावले. आपल्या लोकांच्या धाडसाच्या कथा सांगताना हे पान गाळणं मला पटत नाही.

पुढच्या काळात गुलामी गेली, पण वजनकाटा आणि भाव यांवरून भांडणं राहिली. शेतकऱ्याकडून घेताना एक भाव, विकताना दुसरा, आणि गावात दुसरं दुकान नाही. युगांडात कापसाच्या जिनिंगचे कारखाने भारतीयांच्या हातात एकवटले आणि सरकारने भाव व क्षेत्रं बांधून दिली, तेव्हा १९४५ आणि १९४९ साली युगांडातल्याच बुगांडा प्रांतात दंगली झाल्या. स्वतःचा कापूस स्वतः जिन करू द्या ही शेतकऱ्यांची एक मागणी होती. विदर्भातल्या कापूसवाल्याला ती समजावून सांगायची गरज नाही. १९५९ साली तर बुगांडात बिगर-आफ्रिकी दुकानांवर बहिष्कार पडला.

यात दोष कुणाचा? एक मोठा वाटा वसाहत सरकारचा होता. केनियाच्या सुपीक उंच प्रदेशात भारतीयाला जमीन घ्यायला बंदी होती, ते ‘गोऱ्यांचे उंच प्रदेश’ होते. म्हणून शेतकऱ्यांची पोरं असूनही हे लोक दुकानदारच राहिले. शिवाय एक कायदा असा होता की आफ्रिकी माणसाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त उधार दिली तर ती कोर्टातून वसूल होणार नाही. नाव संरक्षणाचं होतं. परिणाम असा झाला की मुंबईपासून शेवटच्या पत्र्याच्या दुकानापर्यंत वाहत आलेली उधारी तिथेच थांबली. भाच्याला चार गाठोडी उधार मिळत, पण दुकानात दहा वर्षं पोती उचलणाऱ्या आफ्रिकी पोराला नाही. धंदा उभा करण्याची जी एकमेव शिडी होती, ती त्याच्यासाठी भिंतीला टेकवलेलीच नव्हती.

पण सगळं कायद्यावर ढकलता येत नाही. दुकानामागची खोलीही बंद होती. जेवणाचं ताट, लग्न, देऊळ, क्लब, शाळा, सगळं जातीच्या आत. माणूस गावात राहत होता, पण गावाचा होत नव्हता. लेबनॉनहून पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या छोट्या व्यापाऱ्यांचं असंच झालं. सिएरा लिओनमध्ये ते पोवळ्यांचे मणी विकत, म्हणून लोक त्यांना ‘कोरल’ म्हणत. १९१९ साली तांदूळ महागला तेव्हा फ्रीटाउनमध्ये पहिल्यांदा त्यांचीच दुकानं लुटली गेली.

बंद खोलीतला हा धोका ओळखणारा एक मराठी माणूस नैरोबीत होता. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र आप्पासाहेब पंत. त्यांचे वडील भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने औंधचा कारभार गावपंचायतींच्या हाती दिला होता, त्या प्रयोगात आप्पासाहेब पुढे होते. १९४८ साली स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले कमिशनर म्हणून ते नैरोबीला गेले. तिथल्या भारतीयांना त्यांनी सांगितलेलं अनेकांना रुचलं नाही: आफ्रिकी माणसाला बरोबरीने वागवा, त्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहा. भारतात शिकायला जाणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी ते झटले. भारतीयांच्या वर्गणीतून उभ्या राहत असलेल्या गांधी स्मारक शिक्षणसंस्थेला त्यांनी बळ दिलं. ती सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुली असलेल्या तंत्रशिक्षण महाविद्यालयाचा भाग झाली, आणि त्यातूनच पुढे नैरोबी विद्यापीठ झालं. इंग्रज सरकारला ते माऊ माऊ बंडखोरांचे पाठीराखे वाटू लागले आणि १९५४ साली त्यांना तिथून निघावं लागलं. साताऱ्याच्या मातीतला माणूस नैरोबीच्या व्यापाऱ्यांना ‘खोलीचं दार उघडा’ म्हणून सांगत होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे येत नाही याचं मला वाईट वाटतं.

गोव्याहून गेलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. ते दुकानदार कमी, शिंपी, आचारी, कारकून, डॉक्टर जास्त. डॉ. रोझेंडो आयरिस रिबेरो नैरोबीत झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जात. १९०२ साली नैरोबीत आलेला रोग प्लेग आहे हे त्यांनी ओळखलं. पियो गामा पिंटो हे नैरोबीत जन्मलेले, शिक्षणासाठी भारतात आलेले, गोवामुक्तीच्या चळवळीत पडलेले आणि परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्या घराच्या फाटकापाशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांनी खोलीचं दार कधीच ओलांडलं होतं.

बाकीच्यांना वेळ मिळाला नाही. १२ जानेवारी १९६४ला झांझिबारमध्ये क्रांती झाली. १९६७ साली केनियाने नागरिक नसलेल्यांच्या धंद्याला परवाने आणि हद्दी लावल्या. १९७१ साली टांझानियाने भाड्याच्या इमारती ताब्यात घेतल्या. आणि ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडात इदी अमीनने जाहीर केलं की आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. निदान पन्नास हजार माणसं गेली. बरोबर न्यायला एका कुटुंबाला ५० पौंडांच्या आसपास रक्कम. मागे राहिलेले साडेपाच हजारांवर धंदे, मळे, कारखाने वाटून टाकले, त्यात मोठा वाटा सैनिकांचा.

पुढे काय झालं त्याची एक गोष्ट युगांडात सांगितली जाते. कापडदुकान मिळालेल्या नव्या मालकाने सदऱ्याच्या कॉलरवरचा मापाचा आकडा किंमत समजून सदरे विकले. ही गोष्ट हसून सांगतात, पण मला ती अन्यायाची वाटते. दुकान बुडालं ते आकडा वाचता आला नाही म्हणून नव्हे. फळीवरचा माल संपल्यावर तो पुन्हा भरून देणारं कुणी उरलं नव्हतं. दुकान हस्तांतरित करता येतं. मोम्बासाच्या घाऊक व्यापाऱ्याच्या चोपडीतली पत हस्तांतरित होत नाही. ज्या पोराने त्या दुकानात दहा वर्षं काम केलं होतं, त्याला दुकान मिळालं नाही, ते बंदूकवाल्याला मिळालं. मिळालं असतं तरी त्याची स्वतःची पत कुठल्याच चोपडीत लिहिलेली नव्हती. मीठ, साखर, साबण यांची टंचाई झाली आणि ती अमीन गेल्यावरही कितीतरी वर्षं टिकली.

युगांडातल्या साखरेचं उदाहरण मराठी वाचकाला चटकन समजेल. पोरबंदरकडच्या नानजी कालिदास मेहता यांनी १९२४ साली लुगाझीला साखर कारखाना काढला, मुळजीभाई माधवानी यांनी १९३० साली काकिराला. दोघांची सुरुवात दुकानापासूनच. १९७२नंतर दोन्ही कारखाने जवळपास थंड पडले. माधवानी कुटुंब १९८५ साली काकिराला परतलं. आज तिथे कारखान्याच्या स्वतःच्या मळ्याबरोबर आसपासच्या हजारो छोट्या आफ्रिकी शेतकऱ्यांचा ऊस गाळला जातो. त्यांना बेणं, खतं आणि मशागत उचलीवर मिळते आणि उसाच्या पैशातून ती वळती होते. म्हणजे उधारी अखेर त्या भिंतीपलीकडे गेली. त्यात भावाची भांडणं आहेत, काट्याचे वाद आहेत, जसे कोल्हापुरात आहेत. पण ती आता दोन धंदेवाल्यांमधली भांडणं आहेत.

केनियात बरेच जण टिकले, दुकानातून कारखान्याकडे वळले. हालारी ओसवालांमधलं चंदारिया कुटुंब किराण्यातून सुरू होऊन मोम्बासाच्या कालुवर्क्स या अल्युमिनियमच्या कारखान्यापर्यंत गेलं, आणि कालुवर्क्सचं सुफुरिया घराघरांत पोहोचलं. भांडं परदेशातून आणून विकण्याऐवजी तिथेच घडवायचं, ही पायरी फार मोठी. जुलै २०१७मध्ये केनियाच्या सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. छप्पनिया दुष्काळातली ती गलबतं निघाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी.

मग आज कुणी लहान भांडवलाने जायचं म्हटलं तर? मिरा रोडला खोजा, बोहरा, कच्छी वस्ती मोठी आहे. दारेसलामला मावशी, नैरोबीला चुलतभाऊ असणं इथे नवलाचं नाही. सिंधी पेढ्यांची नायजेरियातली परंपराही जुनी आहे. चेल्लाराम यांचं लागोसमधलं दुकान १९२३चं. पण दार आता निराळ्या मापाचं आहे. केनियात परदेशी गुंतवणूकदाराला किमान एक लाख डॉलर दाखवावे लागतात. घानात २०१३च्या कायद्याने बाजारातली आणि टपरीवरची छोटी विक्री नागरिकांसाठी राखली आणि व्यापारात पडणाऱ्या परदेशी कंपनीला दहा लाख डॉलर भांडवल आणि किमान वीस घानावासी कामगार अशी अट घातली. जुलै २०२५मध्ये टांझानियाने मोबाइल दुरुस्ती, केशकर्तन, छोटी किरकोळ विक्री असे पंधरा प्रकारचे धंदे परदेशी माणसाला बंद केले. दारेसलामच्या कारियाकू बाजारातल्या स्थानिक व्यापाऱ्यांची, मुख्यतः चिनी दुकानदारांबद्दलची, तक्रार त्यामागे होती.

त्या व्यापाऱ्यांचा राग मला समजतो. आपल्या गल्लीत दुसऱ्या देशाच्या माणसाने पत घेऊन येऊन दुकान थाटलं आणि आपल्या पोराला पत मिळत नसेल, तर आपणही चिडू. तरीही मला वाटतं की पैशाच्या आकड्याने चाळणी लावली की नेमका तोच माणूस गळतो जो गावात राहिला असता. दहा लाख डॉलरवाला राजधानीत गोदाम घेतो, मॅनेजर नेमतो आणि विमानाने ये-जा करतो. मी नियम करणारा असतो तर भांडवल किती आहे हे नंतर विचारलं असतं. आधी विचारलं असतं की तुमच्या चोपडीत इथल्या किती जणांच्या नावावर उधार लिहिणार, आणि पाच वर्षांनी त्यांतल्या किती जणांची स्वतःची दुकानं असतील.

पण उधारी अडली तिथेही एक गोष्ट अडली नव्हती, ती म्हणजे काम शिकणं. नैरोबीत कामुकुंजी म्हणून एक भाग आहे. उघड्यावर, कडक उन्हात पत्रा ठोकणारे शेकडो कारागीर तिथे बसतात. अशा धंद्यांना केनियात ‘जुआ काली’ म्हणतात. शब्दशः कडक ऊन. ट्रंका, कोळशाच्या शेगड्या, पाण्याचे डबे, बादल्या, सुफुरिया, सगळं हाताने. पत्र्याचं हे काम केनियात कसं पसरलं याचा माग अभ्यासकांनी काढला, तेव्हा धागे पुष्कळदा भारतीय कारागिरांच्या छोट्या कारखान्यांपर्यंत गेले. रेल्वेबरोबर आलेले लोहार, सुतार, पत्रेवाले. त्यांच्या हाताखाली हातोडा धरणाऱ्या आफ्रिकी पोरांना कुणी मुद्दाम शिकवलं नाही, पण शेजारी बसून दिवसभर पाहिलेलं कुणी काढून घेऊ शकत नाही. पोरं बाहेर पडली, मोडीत निघालेल्या डब्यांचे पत्रे गोळा केले आणि स्वतःचं ठोकायला बसली. त्यांनी पुढे आणखी पोरं शिकवली.

कामुकुंजीत प्रेस नाही, डाय नाही. रुळाच्या तुकड्याचा ऐरण म्हणून वापर होतो. पत्र्याची चकती त्यावर तिरपी धरायची आणि कडेने फिरवत हातोडीने मारत राहायचं, कड हळूहळू उभी राहते. भाईंदरच्या गाळ्यात जे एका दणक्यात होतं, त्याला तिथे कित्येक घाव लागतात. काठ वळवून झाला की कारागीर भांडं उजेडाकडे धरून बुडाला भोक नाही ना पाहतो, आणि शेजारच्या थप्पीवर पालथं घालतो.